परमुलखी रुग्ण बालकांची सेवा

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ह्या सप्ताहात रोज सायंकाळी एकेक व्याख्यान व्हावे असे ठरले, आणि आजचे व्याख्यान आमच्याकडे सोपविताना समितीने विषय आमच्याच निवडीवर ठेवला. पंचवीस वर्षांचा इतिहास सांगावा, तर तो येथे बसलेल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी आम्हांपेक्षा अधिक जवळून पाहिलेला आहे. म्हणून तो विषय त्यांच्याकडे ठेवून, ज्या एका प्रश्नाने गेला महिनाभर आमची झोप मोडली आहे, तोच आज आपणांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न असा उद्भवला. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक माता आपल्या कन्येला घेऊन आमच्याकडे आली. कन्येने नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला असून गेली तीन वर्षे ती एका रुग्णालयात नोकरी करीत आहे. एका धर्मभगिनी-संघाच्या विद्यमाने आफ्रिकेतील एका बालरुग्णालयात दोन वर्षे विनावेतन सेवा करावी, अशी तिची इच्छा. आई म्हणाली, "फादर, तुमीच समजावून सांगा हिला. हितली लेकरं काय समदी बरी झाली का, म्हणून ही समुद्रापल्याड निघाली?" कन्या खाली मान घालून उभी होती. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, पुढे वर्षानुवर्षे प्रवचने केली. परंतु ह्या माउलीच्या प्रश्नाला त्या क्षणी आम्हांपाशी उत्तर नव्हते. "ज्युबिलीच्या सप्ताहात सांगू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. आजचे व्याख्यान ही त्या वायद्याची फेड होय. त्या दोघी आज येथे उपस्थित आहेत. त्यांची नावे आम्ही घेणार नाही, आणि आपणही मागे वळून पाहू नये.

प्रथम हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे की, आईचा प्रश्न न्याय्य आहे. परोपकाराची पहिली पायरी आपल्याच उंबऱ्याबाहेर असते, आणि ती चुकवून जो दूर धावतो त्याचा हेतू तपासून पाहण्याचा हक्क घरच्या माणसांना आहे. आपल्या जिल्ह्याचीच स्थिती पाहा. दसरा-दिवाळी आटोपली की भूम, परंडा, कळंब, वाशी ह्या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी म्हातारी माणसे राहतात, आणि भांड्याकुंड्यांबरोबर लहान मुले गाडीत चढतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातो, कोणी कर्नाटकात. फडाच्या कडेला कोपी उभी राहते. तेथे मूल तापाने फणफणले, तरी आईला पहाटे फडात उतरावेच लागते, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. दवाखाना कोणत्या वाटेने, बाटलीवर लिहिले आहे काय, डॉक्टर विचारतो काय, ह्यांतले तिला काही उमगत नाही. आणि मुलूख कानडी असला म्हणजे तर बोलणेच खुंटते. ही लेकरे आपल्याच तालुक्यांतली आहेत.

दुसरे उदाहरण बार्शीचे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी आपल्या लोकांचा तिकडे नित्याचा राबता आहे, आणि तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आपल्या पुष्कळ कुटुंबांनी पाहिले आहे. १९८७ साली बार्शी, भूम व परंडा ह्या तीन तालुक्यांतील ३४६ खेड्यांसाठी तेथे कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेड्यांकरिता अशी नोंदवही भारतात त्यापूर्वी नव्हती. ह्या कामाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. खेड्यातील रोगी आपण होऊन रुग्णालयाकडे येत नाही, आणि शहरातल्याप्रमाणे कागदपत्रांवरून त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नोंद करणारी माणसे गावोगाव जातात, पारावर बसतात, रोगाची लक्षणे समजावून सांगतात, आणि कोणाला काय दुखते ते विचारतात. रोगी येत नाही तर आपण जावे, एवढीच त्यातली युक्ती; परंतु तिच्यात आजच्या विषयाचे अर्धे सार आलेले आहे.

आता आणखी एक पाऊल पुढे या. ज्या बालकाचा रोग बार्शीला आवरत नाही त्याला मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे लागते. भूम तालुक्यातील सहा वर्षांच्या मुलाला परळ म्हणजे परमुलूखच नव्हे काय? घर नाही, अंगण नाही, आजी नाही. भोवती अनोळखी बोली, अनोळखी माणसे, आणि रात्रीसुद्धा न विझणारे दिवे. अशा मुलांचे उपचार पुष्कळदा अर्धवट राहतात, ह्याचे एक कारण औषधांइतकेच राहण्याच्या जागेत असते; आईबापांनी फुटपाथवर किती महिने काढावे? हे ओळखून २००६ साली मुंबईत संत ज्यूड ह्यांच्या नावाने बालरुग्णांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी विनामूल्य निवासकेंद्रे सुरू झाली. ज्यांची आशा खुंटली त्यांचा कैवारी म्हणून आपण ज्या संताची प्रार्थना करतो, त्याचे नाव त्या घरांना शोभते.

ह्यावरून आम्हांस असे वाटू लागले की, आजारी मूल हे स्वभावतःच परदेशस्थ असते. ते आपल्या गावातून, आपल्या खेळातून, किंबहुना आपल्या शरीरातूनही हद्दपार झालेले असते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे जे वर्णन आहे, त्यात प्रभू स्वतःला परका म्हणवितो आणि आजारीही म्हणवितो. सेमिनरीत आम्ही ही दोन दयाकृत्ये वेगवेगळी पाठ केली होती. रुग्णालयाच्या खोलीत ती दोन्ही एकाच खाटेवर पडलेली असतात, हे कळावयास आम्हांस बरीच वर्षे लागली.

आता दुसरी बाजू पाहू. आईचा प्रश्न न्याय्य आहे खरा; पण तोच प्रश्न पूर्वी दुसऱ्या मातांनी विचारला असता, आणि त्यांच्या मुलांनी तो मानला असता, तर आज आपण येथे बसलो असतो काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातील फ्रान्सिस द सेल्स संघाच्या गुरुजनांनी आपल्या मराठवाड्यातील घोगरगावी मिशन मांडले. डोंगराळ, बर्फाच्या प्रदेशातली ही माणसे आपल्या उन्हात, आपल्या दुष्काळात, आपल्या भाकरीवर राहिली. त्या रोपाला पुढे फांद्या फुटून १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्रपणे उभा राहिला. त्यापूर्वीचे उदाहरण हवे असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचे घ्या. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला, आणि चाळीस वर्षांनी, १६१९ मध्ये, त्याच भागात निवर्तला. मायदेश त्याने पुन्हा पाहिला नाही. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. १५७९ आणि १६१६ ह्या दोन सालांमधले अंतर मोजा. सदतीस वर्षे हा मनुष्य आपली भाषा ऐकत, शिकत होता. तेव्हा कुठे, आपल्या आयाबहिणी जात्यावर जो छंद गातात त्या छंदात त्याचा ग्रंथ लोकांपुढे आला. परमुलखात रुजणे म्हणजे काय, ते ह्या एका आयुष्यावरून शिकावे.

सेवेसाठी परक्याने येण्याची गरज तरी काय, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर इतिहासात आहे. अखंड हिंदुस्थानाच्या वायव्य भागात पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे येत नसत, त्यामुळे त्या व त्यांची अर्भके उपचारावाचून मरत. डॉ. अॅग्नेस मॅक्लॅरन नावाच्या स्कॉटिश बाईने हे जाणून १९०९ साली रावळपिंडीला स्त्रिया व बालके ह्यांसाठी संत कॅथरीन रुग्णालय उघडविले. तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली तेव्हा ती साठी ओलांडून गेली होती. त्या काळी व्रतस्थ भगिनींना वैद्यकीचा पूर्ण व्यवसाय करण्यास चर्चची मोकळीक नव्हती. ती मिळावी म्हणून ह्या वृद्धेने रोमला पुनःपुन्हा खेपा घातल्या, आणि १९१३ मध्ये ती वारली तेव्हाही मोकळीक मिळालेली नव्हती. तिच्या हाकेने प्रेरित होऊन ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतातील ॲना डेंगेल ही तरुणी आयर्लंडात वैद्यकी शिकली आणि १९२० साली रावळपिंडीस आली. आपल्या एकटीच्या दोन हातांनी हे काम संपणारे नाही, हे तेथे तिच्या ध्यानात आले; म्हणून १९२५ साली तिने वॉशिंग्टन येथे वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. अखेर १९३६ साली रोमने परवानगी दिली. आज आपल्या देशात धर्मभगिनी डॉक्टर सुतिकागृहात उभी असते, तिच्यामागे ही सत्तावीस वर्षांची खटपट आहे. मॅक्लॅरनबाईने पेरले, डेंगेलबाईने पाणी घातले, आणि फळ आपल्या लेकीबाळींनी खाल्ले.

हे सर्व लोक पश्चिमेकडून आले. आपल्याकडून कोणी गेले नाही काय? गेले आहेत. त्यासाठी दूर जावयास नको. आपल्या शेजारच्या सोलापुरातच स्मारक उभे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. १९३८ साली जपानने चीनवर केलेल्या आक्रमणात जखमी झालेल्यांच्या शुश्रूषेसाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. इतर चौघे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा बोलावयास व वाचावयास शिकले, तिच्यातूनच विद्यार्थ्यांना वैद्यकी शिकवू लागले, आणि १९४१ मध्ये बेथून ह्या कॅनेडियन डॉक्टरच्या नावाने चालणाऱ्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथीलच गुओ छिंगलान ह्या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलगा झाला, त्याचे नाव यिन्हुआ ठेविले. त्यातील एक अक्षर हिंदुस्थानचे, दुसरे चीनचे. मूल साडेतीन महिन्यांचे असता, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस वारले. वय अवघे बत्तीस. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे काय, हे सांगताना प्रभूनेही आपल्या जातीबाहेरच्या शमरोनी माणसाचेच उदाहरण घेतले आहे, हे आपण विसरू नये.

ह्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. परमुलखी सेवा करणारा तेथे पाहुणा म्हणून राहिला, तर त्याची सेवा पाहुण्यासारखीच वरवरची होते. ह्याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने भोगलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर दमून झोपलेली गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. लातूरकडे किल्लारी आणि आपल्याकडे सास्तूर ही नावे त्या दिवसापासून जगाला कळली. आम्ही त्या वेळी सेमिनरीचे विद्यार्थी होतो, आणि सोबत्यांबरोबर मदतीस आलो होतो. देशोदेशींची माणसे आली, त्यांचे उपकार थोर आहेत. परंतु ढिगाऱ्याशेजारी जुन्या कपड्यांचेही ढीग पडून होते, आणि एक अनाथ मुलगी दर सायंकाळी प्रत्येक स्वयंसेवकाला एकच गोष्ट विचारीत असे : "उद्या येणार का?" कित्येक जण "हो" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी निघून जाई. आम्हीही "हो" म्हणालो होतो. आठव्या दिवशी आमचीही गाडी निघाली.

हा धडा तेथेच शिकावयास हवा होता. तो आम्ही शिकलो नाही. पुढे गुरुदीक्षेनंतर उच्च शिक्षणासाठी आम्हांस रोमला पाठविण्यात आले. तेथे जनिक्युलम टेकडीवर बाल येशूच्या नावाचे प्रसिद्ध बालरुग्णालय आहे. १८६९ साली सालव्हियाती घराण्यातील मुलांनी आपल्या गल्ल्यातले पैसे आईच्या हाती दिले, त्यातून ते उभे राहिले, आणि १९२४ मध्ये ते पोपमहाशयांच्या स्वाधीन झाले. त्या कथेने भारावून आम्ही दुसऱ्या एका लहानशा बालरुग्णालयात दर गुरुवारी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो. मनात असे की, आपण काही देण्यासाठी जात आहो. पहिल्या दिवशीच तो भ्रम फिटला. आमची इटालियन भाषा पुस्तकातली. मुले आमच्या प्रत्येक वाक्याला खदखदून हसत. एका सहा वर्षांच्या मुलाने पट्टी बांधलेला हात पुढे करून म्हटले, "बुआ." आम्ही चमकलो. आपल्या घरातले तान्हे मूल खरचटले की "बाऊ" म्हणते, आणि तिकडचे मूल "बुआ" म्हणते! आम्ही "बाऊ" म्हणून दाखविले. तो खूश झाला, आणि त्या दिवसापासून आमचा शिक्षक झाला. खाट, चमचा, उशी, सुई, रडू, घर, हे शब्द आम्ही कोणा प्राध्यापकापाशी शिकलो नाही, त्या मुलापाशी शिकलो. जो दिवसभर इतरांचे ऐकून घेत पडून असतो, त्याला कोणाला तरी काही शिकविता आले म्हणजे तो अर्धा बरा होतो, हेही तेव्हाच कळले.

परंतु पुढचे सांगावयास आम्हांस आजही लाज वाटते. परीक्षा जवळ आल्या. एका गुरुवारी निघताना त्याने विचारले, "पुढच्या गुरुवारी येणार ना?" आम्ही "हो" म्हणालो, आणि अभ्यासाच्या गडबडीत गेलो नाही, निरोपही धाडला नाही. त्यापुढच्या गुरुवारी गेलो, तर खाट रिकामी. मूल बरे होऊन घरी गेले होते, देवाचे आभार. तेथील वृद्ध भगिनी आम्हांस म्हणाली, "गेल्या गुरुवारी त्याने दिवसभर तुमच्या खुर्चीवर कोणाला बसू दिले नाही." एवढेच बोलून ती कामाला लागली. बंधुभगिनींनो, सास्तूरच्या त्या मुलीला फसविल्याला दहा वर्षे लोटली होती, आणि आम्ही तेच पाप पुन्हा केले होते. ह्या खेपेस तर अंगावर गुरुवस्त्रे होती. आजारी मुलाच्या पंचांगात सण नसतात. कोण कोणत्या वारी येणार, एवढेच त्याचे पंचांग. ते आम्ही फाडले.

म्हणून, जी कन्या जाऊ इच्छिते तिला आमचे सांगणे असे. मुली, तू सरसकट वचने देऊ नकोस. "उद्या येईन" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी उद्याचे कामपत्रक पाहा, आणि एकदा म्हटलेस की मग ये. निघण्याचा दिवस ठरला की मुलांना तो आधीपासून सांग. तेथील भाषा पहिल्या दिवसापासून शीक, आणि ती मुलांपाशी शीक. रुग्णालयाच्या नियमाबाहेर एक पाऊल टाकू नकोस : लसी टोचून घे, हात धू, स्वतःला सर्दी-ताप असता मुलाजवळ जाऊ नकोस, तुझे वात्सल्य त्याला जंतूपासून वाचविणार नाही. बालकांच्या संरक्षणासाठी चर्चने आता कडक नियम केले आहेत. पोलिसांचा दाखला मागतील, तो आनंदाने दे. दाराआड मुलाबरोबर एकटी राहू नकोस. आणि त्याचे दुःख छायाचित्रात पकडून घरी पाठवू नकोस, कारण ते दुःख त्याचे आहे, तुझे नव्हे. आपल्यातीलच काहींच्या अपराधांमुळे हे नियम करावे लागले. ते आपण मान खाली घालून पाळले पाहिजेत.

आणखी एक. स्वतःची आबाळ करून सेवा होत नाही. मदर तेरेसा १९४८ साली पाटण्याच्या होली फॅमिली रुग्णालयात शुश्रूषा शिकावयास गेल्या. ते रुग्णालय डेंगेलबाईंच्या भगिनींचेच. आपल्या भावी भगिनींनी गरिबांप्रमाणे केवळ भात व मीठ खाऊन राहावे, असा मदरचा मानस होता. त्या अनुभवी भगिनींनी स्पष्ट सांगितले की, असे केल्यास तरुण मुली क्षयाने मरतील आणि गरिबांची सेवा कोणीच करणार नाही. मदर पुढे संत झाल्या, पण त्या दिवशी त्यांनी शहाण्यांचे ऐकले. त्यानंतर सात वर्षांनी, १९५५ मध्ये, कोलकात्यास टाकलेल्या व आजारी अर्भकांसाठी शिशुभवन उघडले. तेव्हा पोटभर जेव, वेळेवर नीज, घरची आठवण आली तर लपवू नकोस, आणि दर आठवड्याला आईला फोन कर. रविवारची मिस्सा परक्या भाषेत ऐकताना प्रारंभी तुला एकटे वाटेल. परंतु कोणत्या क्षणी गुडघे टेकावयाचे हे तुला तेथेही ठाऊक असेल. ज्या गावात तेवढे ठाऊक असते, ते सर्वस्वी परके नसते.

आणि शेवटचे : परत येशील तेव्हा तुझे ज्ञान तेथे ठेवून ये. डॉ. मेरी ग्लाउरी ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर भगिनी १९२० साली आंध्रातील गुंटूरला आली, आणि रोग्यांना तपासता तपासता तिने तेथील स्त्रियांना सुइणी व परिचारिका म्हणून तयार केले. आपल्या जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन भारतवैद्य म्हणून उभे केले, तोही मार्ग हाच. स्वयंसेविका गेल्यावर जिथे पोकळी पडते तिथे सेवा अपुरी राहिली, असे समजावे.

आता त्या माउलीकडे वळतो. आई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. येथली लेकरे बरी झालेली नाहीत, हे खरे. ती सगळी बरी होईपर्यंत कोणी बाहेर जाऊ नये असा नियम केला, तर जगात कोणी कोणाकडे कधी जाणार नाही, आणि घोगरगावचे ते फादर सव्हॉयातच राहतील. तथापि तुमची मुलगी जाईल तेव्हा येथे जी जागा रिकामी होईल, ती भरून काढण्याचा भार तुमच्या एकटीवर पडता कामा नये. तो आपल्या साऱ्या धर्मग्रामाचा आहे. म्हणून समितीशी विचारविनिमय करून आम्ही आज दोन गोष्टी जाहीर करतो. तिचे कागदपत्र व्हावयास अजून काही महिने आहेत. तोवर ह्या गळीत हंगामात दर शनिवारी आपल्या येथील कारखान्याच्या तळावर, बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या मुलांसाठी ती जाईल. ज्याला कोपीतल्या मुलाशी बोलता येत नाही, त्याने समुद्र ओलांडू नये. आणि तिच्यासोबत आपल्यातील चार जण जातील, जे ती गेल्यावरही दर शनिवारी जात राहतील. नावे आजच द्यावी. एक नाव आमचे आहे. आमच्याकडे सास्तूरचे व रोमचे असे दोन दिवस थकलेले आहेत.

तुमची परवानगी आम्ही व्यासपीठावरून मागत नाही. तसे करणे म्हणजे तुमच्यावर जुलूम होय. एवढेच सांगतो की, १९२८ साली अठरा वर्षांच्या मुलीला झाग्रेबच्या स्टेशनावर निरोप देणाऱ्या द्राना नावाच्या आईला ती मुलगी पुन्हा कधी दिसली नाही. अल्बानियाच्या सरकारने मायलेकींची भेट होऊ दिली नाही, आणि १९७२ मध्ये आई वारली. ती मुलगी म्हणजे मदर तेरेसा. जगाने मुलीला संत म्हटले. आईचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. तुमची मुलगी तर दोन वर्षांनी परत येणार आहे, आणि फोनवर रोज भांडणार आहे. तरीसुद्धा जे देणे आहे ते तुम्हांलाच द्यावयाचे आहे, हे आम्ही जाणतो. तुम्ही "हो" म्हणा अथवा "नाही" म्हणा. आम्ही दोन्ही उत्तरांचा मान राखू.

दुसऱ्यांच्या मातांनी आपली मुले सोडली, त्यातून आपला हा धर्मग्राम उगवला. पंचवीस वर्षे आपण घेत आलो. पुढील पंचवीस वर्षांत काय देणार, ह्याचा हिशेब सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत छापला जाईल. त्या वेळी आम्ही बहुधा नसू. परंतु एखाद्या कोपीतले, एखाद्या दूरदेशच्या रुग्णालयातले मूल त्या वेळी विचारील, "उद्या येणार का?" आणि आपल्यापैकी कोणी तरी खरे बोलून "हो" म्हणेल, अशी आमची प्रभुचरणी प्रार्थना आहे.

नावे देण्यासाठी वही दाराशी ठेविली आहे. प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो.